दिवाणजींची खुर्ची

मुलांनो, जुन्या पेढीवर हिशेब सांभाळणाऱ्याला आपल्याकडं दिवाणजी म्हणायचे. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात २२ वर्षं तेच काम करते. सीए साहेब महिन्यातून एकदा येतात. रोजची कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, व्हाउचर म्हणजे खर्चाच्या पावत्या, बँकेचा मेळ म्हणजे आपली वही बँकेच्या खात्याशी जुळवणं, उधारीची वसुली आणि हजेरीवरून पगार हे सगळं आमच्याकडं.

पहिल्याच वर्षी बँकेचा मेळ ४,५०० रुपयांनी लागेना. दोन संध्याकाळ मी एकेक नोंद तपासत बसले, रडायची तेवढी राहिले होते. शेवटी वयस्कर दिवाणजी जवळ आले आणि म्हणाले, "बाई, फरकाला नऊनं भाग जातो का बघा." बरोब्बर ५०० वेळा गेला. "मग आकडे उलटे पडलेत." शोधलं, तर सूतवाल्याचा ६३,८४० चा चेक मी ६८,३४० असा चढवला होता. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तुम्हाला महिनाभरात येईल. अशी नजर यायला मात्र असं कोणीतरी शेजारी बसावं लागतं, म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराआधी शिकवणारं माणूस बघा.

आता तारखा. ७ तारखेला टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, ११ ला विक्रीचं जीएसटी विवरण, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआयसी म्हणजे आरोग्य विमा, २० ला ३बी म्हणजे जीएसटीचा कर भरायचं महिन्याचं विवरण. यातले १४ ते २० हे दिवस आमच्यासाठी सर्वांत जड. दोन लाखांचं सूत घेतलं की ५ टक्क्यांनी १०,००० रुपये कर आपण सूतवाल्याला देतो. त्यानं विवरण भरलं, तरच १४ तारखेच्या २बीमध्ये, म्हणजे आपल्या खरेदीवरच्या कराच्या जीएसटी यादीत, ते बिल दिसतं. नाही दिसलं, तर त्या महिन्यात आपल्या करातून तेवढी वजावट मिळत नाही आणि मालकाच्या खिशातून रोकड जाते. म्हणून ११ च्या आधीच एकेका पार्टीला फोन करायचा, गोड बोलून, पण सोडायचं नाही. या कामात माणसं सांभाळणं किती असतं, हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

एक गोष्ट मी फार कडक पाळते. रोकड ज्याच्या हाती, तिची नोंद त्याच्या हाती द्यायची नाही. यात अविश्वास कोणावरच नाही. उद्या पैसे कमी भरले, तर प्रामाणिक माणसावरही बालंट येऊ नये, एवढ्यासाठी.

आणि पगारपत्रक. आपल्या यंत्रमागांवर तेलुगू भाषक कामगार खूप. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं नुसतं आद्याक्षर. आमच्याकडच्या एका मामांनी निवृत्तीनंतर पीएफचा अर्ज केला आणि तो परत आला, कारण आधारवर नाव एक आणि आमच्या नोंदीत दुसरं. चूक माझ्या आधीची होती, पण हेलपाटे त्यांना पडले. संयुक्त घोषणापत्र, म्हणजे कामगार आणि मालक दोघांनी मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, भरून दुरुस्ती होईपर्यंत ते दर सोमवारी दारात येऊन उभे राहायचे. रागावले कधीच नाहीत, नुसतं विचारायचे, "झालं का, ताई?" तेव्हापासून नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याचं आधार मी स्वतः हातात घेते. अक्षर न् अक्षर त्याला वाचून दाखवते, त्यानं हो म्हटलं की मगच नाव हजेरीपटावर चढतं.