जमीन, टेबल, मांडी

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: ‘लहान घरात एकाच वेळी अनेक गोधड्या’. त्यातल्या ‘अनेक’कडे मी येणार आहे, पण आधी ‘लहान घर’ या तक्रारीचा निकाल लावू. गोधडी शिवणाऱ्या चौघीजणी भेटल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘शिवायला जागाच नाही हो.’ माझं म्हणणं असं, की गोधडीला तीन जागा लागतात आणि त्या एकामागून एक लागतात. थर लावायला जमीन, तुकडे जोडायला टेबल, धावदोरा घालायला मांडी. तिन्ही प्रत्येकीच्या घरात आहेत. ज्या वेळी आपल्याला हव्या असतात, त्या वेळी त्या दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असतात, एवढंच. त्यामुळे ‘शिवणाची खोली कधी मिळेल’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘ही गोधडी आत्ता कुठल्या जागेची आहे’ हे विचारायला शिका.

सगळ्यात अवघड जमीन, म्हणून तिच्यापासून सुरुवात.

आपल्याकडे गोधडी घराबाहेर वाढली. कुठे अंगण, कुठे ओसरी, मराठवाड्यात माळवद, म्हणजे धाब्याचं सपाट छप्पर. जुनी लुगडी धुऊन, वाळवून, दोन पदर वरखाली आणि मधे धोतरं, सदरे, फाटकी पातळं पसरायची, आणि त्या थरांवरच बसून शिवायला घ्यायचं. हे बसणं नीट लक्षात घ्या. बाईचं वजन थर जागच्या जागी धरतं, म्हणून तिला टाचणी लागत नाही. कडेने धावदोरा घालत, वळत वळत ती मध्याकडे येते. दर हातभर शिवून झालं की तळव्याने कापड पुढे सारते, म्हणजे जो काही सैलपणा असेल तो मध्याकडे सरकत जातो आणि वाटेत थोडा थोडा टाक्यांत जिरतो. उत्तर कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची गोधडी, तिला कवंदी म्हणतात, तीही अशीच कडेपासून आत येते. ही पद्धत उत्तम आहे, पण तिला मोकळी सपाट जागा लागते आणि काम चालेल तितके दिवस ती अडून राहते. इमारतीत हे कुठे जमणार? माझा खरा राग इथे आहे. फ्लॅटच्या नकाशात फ्रिजचा चौकोन काढलेला असतो, वॉशिंग मशीनसाठी नळ आणि प्लग दिलेला असतो. पण ज्या कामाने पिढ्यान्‌पिढ्या या प्रदेशातली माणसं उबेत निजली, त्या कामासाठी एक प्लगसुद्धा योग्य उंचीवर नसतो. नवीन घर घेताना किंवा दुरुस्ती काढताना इलेक्ट्रिशियनला सांगून जेवणाच्या टेबलाजवळ, टेबलापेक्षा जरा उंच, एक जादा प्लग घ्या. मशीन, इस्त्री आणि दिवा तिन्ही त्यावर चालतील. हट्टाने घ्या.

आता आकडे बघू. साधी एकेरी गोधडी ६० × ८४ इंच, म्हणजे ५ फूट बाय ७ फूट. अस्तर, म्हणजे सगळ्यात खालचं कापड, चारही बाजूंनी २ इंच जास्त धरायचं, म्हणजे ६४ × ८८. शिवाय गुडघ्यावर बसून भोवती फिरायला प्रत्येक बाजूला दीड फूट. असा जवळजवळ ८ × १० फुटांचा रिकामा चौक लागतो. हॉलमधलं टीपॉय हलवलं, सोफा सरकवला की तो निघतो, पण दोन-अडीच तासच. तेवढ्यात थर लावून उचललं पाहिजे, म्हणून तयारी आदल्या दिवशी हवी. तिन्ही थर धुतलेले, इस्त्री केलेले. अस्तराचा जोड आधीच मारलेला आणि जोडाची माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, उलगडून दाबलेली. प्रत्येक थराची घडी चार पदरी, म्हणजे मध्याचा कोपरा हाताला लागतो. फरशी पुसून कोरडी.

फरशीचे सांधे ही फुकटची गुण्या आहे. दोन फुटी फरशी असेल तर अस्तराची लांब कड एका सांध्यावर आणि आखूड कड दुसऱ्यावर ठेवा, काटकोन आपोआप मिळतो. अस्तर उलट्या बाजूने पसरून कडांना मास्किंग टेप लावा. आधी समोरासमोरच्या बाजूंचे मध्य, मग कोपऱ्यांकडे. इथे बहुतेकजणी चुकतात. अस्तर ताणून चिकटवतात, चादरीसारखं तंग. टेप काढला की ताणलेलं कापड मूळ मापावर येतं, वरचं कापड आहे तेवढंच राहतं, आणि वरच्या बाजूला चुण्या पडतात. सुरकुती जाईल इतपतच ओढायचं, त्यापुढे नाही.

मग आतले थर, मग वरचं कापड, मध्यावर मध्य ठेवून. मध्यापासून बाहेर चार-चार इंचांवर सेफ्टी पिना. ६० × ८४ ला अशा तीनशेच्या आसपास पिना लागतात. आधी मोजून घ्या, अर्ध्यात संपल्या तर पंचाईत. पीन खालून वर काढताना बोटं सोलतात, म्हणून डाव्या हातात एक चमचा धरा. पिनेचं टोक चमच्याच्या कडेवर टेकवायचं, उचलायचं आणि बंद करायचं. खाली सतरंजी नको, तिच्यातच टाके जातात. आणि पलंगावर थर लावायचा मोह आवरा. पलंगाचं माप एकेरी गोधडीला अगदी सोयीचं दिसतं, पण गादी हाताखाली दबते, थर वेगवेगळे खाली जातात, आणि शेवटी वर उचलताना चादर पिनेला लटकून येते. परदेशात ज्यांच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे, त्यांनी टेपच्या जागी लांब टाचण्यांनी अस्तर कार्पेटलाच टोचावं, ते चांगलं धरतं.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पिना लावलेली गोधडी मुंबईत, कोकणात, गोव्यात जूनमध्ये बाजूला ठेवली आणि गणपतीनंतर उघडली, तर प्रत्येक पिनेखाली गंजाचा तांबूस ठिपका असतो आणि तो साबणाने निघत नाही. तीनशे पिना, तीनशे ठिपके. जी गोधडी लगेच पुढे न्यायची नाही, तिला कच्चे टाकेच घाला: पांढरा सुती दोरा, दोन-दोन इंचांचे टाके, ओळींत चार बोटांचं अंतर. रंगीत दोरा टाळा, तो ओलाव्यात रंग सोडतो.

एवढी जमीन कुणाकडे नसेलच, तर गोधडीच बारीक करायची. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ६० × ८४ ची गोधडी तीन उभ्या पट्ट्यांत शिवा: १८, २४ आणि १८ इंच रुंद, प्रत्येकी ८४ लांब. ६ इंची चौकोनांची मांडणी असेल तर आडवे दहा चौकोन येतात, ते ३, ४ आणि ३ असे वाटले जातात. हा २४ इंची पट्टा घरातल्या पॅसेजमध्ये मावतो. सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलावर दोन टप्प्यांत मावतो, कडांना कपडे वाळवायचे चिमटे लावून. मशीनचंही तेच. घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत साडेसहा-सात इंच मोकळं असतं. अख्ख्या गोधडीचा मध्य शिवताना त्या फटीतून ३० इंच रुंदीच्या जाड कापडाची गुंडाळी ढकलावी लागते, खांदे भरून येतात आणि टाके वाकडे पडतात. पट्ट्याच्या मध्याला फक्त १२ इंचांची गुंडाळी, तीही सहज फिरते.

जोड मात्र नीट समजून घ्या. जोडाच्या बाजूला अस्तर वरच्या कापडापेक्षा एक इंच जास्त ठेवायचं आणि शिवण कडेच्या एक इंच अलीकडे थांबवायची. अस्तर आणि आतले थर मागे दुमडून टाचायचे, वरच्या दोन कापडांची सुलट बाजू एकमेकींवर ठेवून पाव इंचावर मशीन मारायची. लांबीचे मध्य आणि चौकोनांचे सांधे आधी जुळवा. टोकाकडून सुरुवात केली तर ८४ इंचांत अर्धा इंच सरकतंच. मग पट्टा पालथा घाला आणि आतले थर एकमेकांना टेकतील इतकेच कापा. एकावर एक चढले तर जोडावर कायमचा वरंबा येतो, अंतर राहिलं तर तिथे हवा शिरते. शेवटी एक अस्तर सपाट, दुसऱ्याची कड पाव इंच आत मुडपून त्यावर, आणि हाताने तुरपाई. राहिलेल्या दीड-दोन इंचांच्या पट्टीत हातानेच दोन ओळी धावदोरा. सगळ्या गोधडीत असे लांब जोड दोनच. हे झालं की हॉल रिकामा करायची गरजच उरत नाही.

टेबलाकडे येते. मला एक हात वर करून सांगा, कोणाच्या शिलाई मशीनवर आत्ता इस्त्रीचे कपडे ठेवलेत? बघा, निम्मी खोली! लोखंडी मशीन दहा किलोच्या पुढे असतं, ते रोज कपाटातून काढून परत ठेवणं होत नाही, म्हणून शिवणंच होत नाही. मशीन उचलावं लागणार नाही अशी दीड फूट जागा एकदाच शोधा, खिडकीपाशी किंवा टेबलाच्या टोकाला. टेबल असं सरकवा, की मशीनच्या मागे भिंत येईल आणि डाव्या हाताला टेबल मोकळं राहील. गोधडी टेबलाखाली लोंबली की तिचं वजन कापडाला मागे खेचतं; टाके आखूड पडतात, सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटून तुटते. सुई तुटली की मशीनला दोष देतात, दोष लोंबणाऱ्या कापडाचा असतो. जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवलं तर ते कोपराच्या वर जातं, म्हणून खुर्चीवर उशी घ्या आणि पायाखाली पाट, पेडलही पाटावरच. थर शिवताना १४ किंवा १६ नंबरची सुई, टाका ३ मिलिमीटर, कापड दाबणाऱ्या फुटाचा दाब थोडा कमी. खालचे दाते खालचंच कापड पुढे नेतात, वरचं मागे राहतं, त्यातून कडेला चूण जमते. वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही पुढे नेणारा फूट, मिळाला तर घ्याच.

चौकोन जोडताना पाव इंच म्हणजे पाव इंचच. कापायचा साडेसहा इंचाचा, जोडून राहतो सहाचा. शिवण अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त गेली तर दोन्ही कडांचं मिळून एका जोडात एक सूत जातं. आडव्या दहा चौकोनांत नऊ जोड, म्हणजे नऊ सूत, एक इंच एक सूत! पुढच्या ओळीत अर्धा सूत कमी गेली तर त्या ओळीचं उलटं होतं, आणि ओळी जुळत नाहीत म्हणून मग ओढाताण सुरू होते. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा आणि कापड तिला टेकवत चला.

कापडाबद्दल थोडक्यात. सुती आणि टेरिकॉट एका गोधडीत मिसळू नका. पहिल्या धुण्यात सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही, आणि गोधडीभर फुगे येतात. लुगड्याचा काठ अंगापेक्षा घट्ट विणलेला असतो, तो थरात ठेवला तर कडेला झोळ पडतो. काठ कापून ठेवा, शेवटच्या किनारीच्या पट्टीला तो सुरेख बसतो. नवा मांजरपाट अस्तराला घेतलात तर आधी गरम पाण्यात भिजवा. ६० × ८४ च्या १४० चौकोनांना ४४ इंच पन्ह्याचं कापड चार मीटर लागतं, आटण्यासाठी पाव मीटर जास्त.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ‘अनेक गोधड्या’ आता भरभर सांगते. मूळ विषय तोच होता.

नियम एकच ठेवा: एका जागेवर एकच गोधडी. एक टेबलावर, एक मांडीवर, एक जमिनीची वाट बघत. दोन गोधड्या टेबलाच्या टप्प्यावर असतील तर टेबल एकच असल्याने दोन्ही अडतात आणि दोन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळतात. चौथी सुरू करायची तर आधी एक जागा रिकामी करा. नव्या कापडाचा मोह झाला तर विकत घ्या, धुऊन ठेवा, पण कातरी लावू नका. न कापलेलं कापड अंगावर येत नाही, कापलेलं येतं.

प्रत्येक गोधडीची वेगळी कापडी पिशवी, प्लॅस्टिकची नाही, पावसाळ्यात आत बुरशी धरते. पिशवीत मोजून बांधलेले तुकडे, त्याच रंगाचा दोरा, आणि एक चिठ्ठी: चौकोनाचं माप, किती झाले, किती राहिले, पुढची पायरी कुठली. दोन महिन्यांनी पिशवी उघडली की पहिला तास आठवण्यात जातो, तो चिठ्ठीने वाचतो.

ऋतू बघा. गोधडी मांडीवर घेऊन मे महिन्यात कोणी बसू शकत नाही. हाताचा धावदोरा दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात टेबल, कापणं आणि जोडणं. थर लावायचं काम पाऊस सुरू व्हायच्या आत किंवा दसऱ्यानंतर. मांडीवरची गोधडी रोज वेगळ्या रेषेवर घडी घालून ठेवा, नाहीतर एकाच घडीवर थर दबतात.

आणि जी गोधडी वर्षभर पुढे सरकली नाही, तिचं माप कमी करा. ६० × ८४ चे निम्मेच चौकोन झाले असतील तर त्यातले ३६ घ्या, सहा बाय सहा, म्हणजे ३६ इंचांचं बाळाचं दुपटं झालं. त्याला आतला थर एकच घाला, मऊ धुतलेल्या धोतराचा. ते जेवणाच्या टेबलावर एका दुपारी टाचून होतं, आणि उरलेले चौकोन पिशवीत परत.