दांडी कधी येणार?

सांगली, विश्रामबाग. दुपारचे तीन, बाहेर ऊन रणरणतंय आणि आत पंख्याखाली मी माझ्या भाच्याकडनं टेट्रिसची सलग सहावी गेम हरलोय, मधे भडंगाची वाटी आहे तीपण तोच संपवालाय.

आता आम्ही पडलो जुन्या ब्रिक गेमवाले, सेल दातानं चावून परत घालणारे. तेव्हाची स्ट्रॅटेजी एकच, कडेची एक उभी रांग मोकळी सोडायची, बाकी रचत जायचं आणि लांब दांडीची वाट बघायची. आली तर चार आडव्या लाईनी एकदम भरून उडणार, नाहीतर कल्याण.

"मामा, कशाची वाट बघालायस? दांडी आत्ताच येऊन गेली की."

ह्याला कसं कळलं? तर हल्लीच्या टेट्रिसमध्ये सातही आकार पिशवीत घातल्यासारखे येतात, पिशवी रिकामी झाल्याशिवाय कुठलाच परत येत नाही, म्हणजे दोन दांड्यांच्या मधे जास्तीत जास्त १२ तुकडे. पोरगं मोजतंय!

१९८४ ला मॉस्कोत अलेक्सी पाजितनोवनं ही गेम केली तेव्हा एकट्यानं टिकायचं एवढंच होतं. समोर माणूस बसला की हिशोब बदलतो. एक लाईन उडवली तर त्याला काहीच जात नाही, दोनला एक, तीनला दोन, आणि चारला पूर्ण चार लाईनी कचरा, खालनं वर ढकलत. टी आकार शेवटच्या क्षणी फिरवून खोबणीत बसवला तर दोनच लाईनीत तेवढाच मारा, पण ते मला जमत नाही, बोटं ऐकत नाहीत.

आता इथं व्हिडिओ जरा हळू केलाय, बघा. कचऱ्यात एक भोक असतंय, तिथनं सरळ खाली खणत जायचं, वर झाकण घालायचं नाही, आणि मी नेमकं झाकणच घातलंय. २० ओळींचं मैदान, माझा ढीग १४ वर, आणि भाच्यानं मघापासनं होल्डला, म्हणजे एक तुकडा बाजूला राखून ठेवायच्या जागेत, दाबून ठेवलेली दांडी आत्ता काढली. आधी काढली असती तर मी सावरलो असतो.

होल्डचा दुसरा उपयोग म्हणजे ढाल. आपला मारा आधी आपल्यावर येणारा कचरा कापतो, उरला तरच पुढं जातो.

सातवी गेम. त्याच्याकडनं चार निघाल्या, माझी दांडी होल्डला तयार, टाकली, चारास चार कापल्या! मी ताईला हाक मारली, ये बघायला म्हणून. वळून बघतोय तर माझ्या होल्डला आता दांडी नाही आणि त्याचा टी खोबणीत फिरालाय.