मुरूम की काळी? सोलापूरच्या माळावर माउंटन बाइक

(दृश्य: सकाळचा माळ. लांबून येणारी एक सायकल, मागे धूळ.)

सोलापुरात माउंटन बाइक घेतली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "डोंगर कुठाय इथं?" प्रश्न रास्त आहे. शहर वसलंय साधारण साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर, आणि घाट म्हणावा असा चढ हवा असेल तर तुळजापूरपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर पायडल मारावं लागतं. पण कच्च्या रस्त्यांना इथं तोटा नाही. गाडीवाटा आहेत, पाणंदी आहेत, कालव्याच्या भरावावरचे रस्ते आहेत, खडी अंथरून पुढचं काम रखडलेल्या वाटा आहेत आणि या सगळ्यांच्या मधे पसरलेला माळ आहे. रुंद टायरची सायकल इथं लागते ती या जमिनीसाठी.

जमीन दोन जातींची. उंचवट्यावर मुरूम, म्हणजे झिजलेल्या खडकाचा भुगा आणि खडी, ओढ्यानदीकडे काळी माती. मूळ दोन्हींचं एकच, दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. उंचावर माती टिकत नाही, पावसानं धुऊन जाते आणि मुरूम उघडा पडतो. धुऊन गेलेली माती सखल भागात साठत जाते. नदी जितकी जवळ, तितका थर खोल. सोलापुरात सायकल चालवणाऱ्याला एवढा भूगोल पाठ असला की निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं काट्यांचं, त्याकडे येऊच.

(दृश्य: सप्टेंबर. आभाळ भरलेलं. ओल्या मुरमावरून जाणारं चाक, अगदी जवळून.)

पाऊस इथं जूनमध्ये तोंड दाखवतो, जुलैत बऱ्याचदा हुलकावणी देतो आणि खरा जोर धरतो तो सप्टेंबरात. वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणात जुलैच्या एका आठवड्यात पडू शकतो तेवढा. एवढ्याशा पावसानं सायकलीचं काय अडणार, असं पुण्याकडून आलेल्या पाहुण्याला वाटतं.

मुरमावर काहीच अडत नाही. सर येऊन गेली, दोन-तीन तास थांबलं की निघायचं. पाणी खाली झिरपलेलं असतं, सुटी खडी दबलेली असते आणि टायरची पकड उन्हाळ्यापेक्षा चांगली बसते. ओला मुरूम म्हणजे सोलापूरचा सर्वात उत्तम ट्रेल, या मतावर मी ठाम आहे.

काळीचं गणित वेगळं. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि दिसेल त्याला धरते. आता हे चाक बघा. सुरुवातीला टायरवर नुसता एक पातळ थर येतो. त्याला गवत चिकटतं, कडब्याची चिपाडं चिकटतात, त्यावर पुन्हा माती. पन्नासेक पावलांत पुढचं चाक फोर्कच्या, म्हणजे ते धरणाऱ्या चिमट्याच्या, कमानीला घासायला लागतं, मागचं फ्रेमच्या दांड्यांमध्ये गच्च बसतं. इथं जोर लावून पायडल मारायचं नाही. डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, गवतासकट आत ओढला जातो, तो फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो, आणि पुढचा प्रवास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होतो. उतरायचं, काडी शोधायची, खरवडायचं. तरीही चाक फिरत नसेल तर सायकल खांद्यावर. तेरा-चौदा किलोची सायकल तोवर चिखलासकट वीसच्या पुढे गेलेली असते, आणि पायातल्या बुटांनाही तेवढाच चिखल लागलेला असतो.

हौसेनं बसवलेलं, टायरला चिकटून असणारं मडगार्ड अशा वेळी पहिलं काढून टाकावं. टायर मोकळ्या गुट्ट्यांचं, म्हणजे वरचे रबरी उंचवटे सुटेसुटे असलेलं हवं. गुट्ट्यांत अंतर असेल तर माती थोडी तरी झडते. रिमवर दाबणारे जुने ब्रेक चिखलात भरून जातात, डिस्क ब्रेक निदान चालू राहतात.

हत्तरसंग कुडलचं उदाहरण घ्या. भीमा आणि सीना जिथं मिळतात ते हे ठिकाण, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख असलेलं. शहरातून सकाळी निघून दुपारच्या आत परतायला झकास. पण दोन नद्यांच्या बेचक्यातली जमीन म्हणजे काळीचं माहेर. पाऊस होऊन दोन-तीन कडक उन्हं पडली नसतील तर तिकडे डांबरी सोडायची नाही.

रस्ता कुठं कोरडा आहे हे मोबाइलवरच्या नकाशाला कळत नाही. ते बांधावरच्या माणसाला कळतं.

"ओ पाव्हणं, तिकडनं नका जाऊ. रात्री उसाला पाणी सोडलंय, पाट फुटलाय."

"मग कुठनं जाऊ, काका?"

"वरच्या अंगानं जावा की. माळानं. जरा लांब पडंल, पण कोरडं हाय."

वरच्या अंगानं, म्हणजेच मुरमावरून.

(दृश्य: नोव्हेंबर. वाळलेलं पिवळं गवत. जमिनीलगत पसरलेली वेल.)

दिवाळीनंतर हवा सुरेख होते आणि काट्यांचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात जमिनीवर पसरलेली, पिवळ्या इवल्या फुलांची सराट्याची वेल आता वाळलेली असते. तिचं फळ सुटून त्याच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला दोन टणक काटे. कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. शिवाय बाभूळ आहे, वेडी बाभूळ आहे. कोणी शेताला नवी कुपाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण, घातली असेल तर वाटेवर सांडलेल्या काट्या आहेत. साध्या ट्यूबवर माळाची फेरी मारून पंक्चरशिवाय परत येणारा माणूस नशीबवान म्हणायचा.

ट्यूब असेल तर पंक्चर काढताना एक काम चुकवू नये. टायरच्या आतून फडकं फिरवायचं, सावकाश, पूर्ण गोल. फडकं जिथं अडेल तिथं मोडका काटा असतो. बाहेरून तो दिसत नाही, मोडून रबराच्या आत राहिलेला असतो, जेमतेम दोन मिलिमीटर. चिमट्यानं तो काढला नाही तर नवी ट्यूबही पुढच्या वळणावर बसते.

पैसे साठवून सायकलीवर एकच खर्च करणार असाल तर तो ट्यूबलेसवर, म्हणजे बिनट्यूबच्या टायरवर करा. हलकी फ्रेम, भारी फोर्क, सगळं नंतर. टायरमध्ये लॅटेक्सचं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रावण, फिरत असतं, काट्यानं भोक पडलं की हवेबरोबर ते तिथं येतं आणि गोठून भोक बुजवतं. काटा उपटायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, क्षणभर थांबायचं आणि निघायचं. अडचण एवढीच की सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतं. थंड हवेत पाच-सहा महिने टिकणारं द्रावण इथं उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत संपतं. चाक काढून कानाशी हलवून बघा. आत खळखळ ऐकू आली तर ठीक, नाहीतर व्हॉल्व्हमधून भर घाला.

गवत वाळलेलं असो की हिरवं, गाडीवाट सोडून मोकळ्या माळात सायकल घालू नये. माळ रिकामा दिसतो, नसतो. तितर, चंडोल, धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. तो पक्षी एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, आणि आता तो क्वचितच दिसतो. तिथं जायचं तर वनखात्याला विचारून, सायकल बाहेर ठेवून. काळवीट बघायला मिळालं तर भाग्य.

थंडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक विंडचीटर पुरतो, आणि ऊन वर आलं की तोही कमरेला. जपायचं ते उसाच्या ट्रॉल्यांना. कारखाने चालू असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात लाल दिव्याशिवाय धावत असतात. मागचा दिवा लावल्याशिवाय पहाटे हायवेला लागू नका.

(दृश्य: एप्रिल. भेगाळलेलं रान. फुफाट्यात रुतणारं चाक.)

उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पहाटे उजाडायच्या आत निघायचं आणि साडेआठपर्यंत घरी. काळीला आता भेगा पडलेल्या, काही इतक्या रुंद की टायर आडवा गेला तर ठीक, उभा गेला तर हँडल हातातून सुटतं. मुरमाच्या उतारावर सुटी खडी गोट्या पसरल्यासारखी. पुढचा ब्रेक तिथं हलकाच धरायचा.

टायरमधल्या हवेचंही ध्यान ठेवा. पहाटे पंचवीस अंशांना ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेलं टायर पंचेचाळीसपर्यंत तापलं की दाब तीनेक पीएसआयनं वाढतो. थोडी कमीच भरून निघालेलं बरं. चेनला ओलं, जाड तेल नको. त्यावर फुफाटा बसतो, त्याची लेई होते आणि चेन-गिअर झिजतात. कोरडं ल्यूब, म्हणजे धूळ न धरणारं वंगण, थेंब-थेंब सोडायचं, पुसून घ्यायचं.

पाणी माणशी दोन लिटर तरी. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरी पिशवीत खराब होत नाही, आणि चटणीत मीठ असतंच. परदेशी एनर्जी बार उन्हात वितळून पाकिटाला चिकटतात, शिवाय महाग.

धनगराचा कळप दिसला की उतरायचं. कुत्री त्यांचं काम करत असतात. पळालं की मागं लागतात. सायकल मधे धरून चालत गेलं की मालक एक हाक मारतो आणि ती गप होतात.

मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो. आधी धुळीची भिंत, मग टपोरे थेंब, कधी गारा. उघड्या माळावर विजेला आपणच सर्वांत उंच असतो. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, सायकल घेऊन जवळचं गाव गाठायचं आणि पक्क्या दुकानात शिरायचं. आत आधीच दोन मोटारसायकलवाले थांबलेले असतात. पाऊस उघडेपर्यंत गिअर किती, ब्रेकमध्ये तेल कशाला, एवढी जाड टायरं का, आणि गाडी केवढ्याला पडली, याची सगळी चौकशी होऊन जाते. किंमत सांगितली की एक जण हमखास म्हणतो, "एवढ्यात तर सेकंडहँड बुलेट आली असती की ओ."