निपाह पेशीत शिरतो तेव्हा

फळं खाणारं मोठं वटवाघूळ. अंगात निपाहचा विषाणू, तरी उडणं-खाणं सुरळीत. हाच विषाणू माणसात आला की शंभरांतले ४० ते ७५ रुग्ण दगावतात. विषाणू एकच, फरक पडतो तो पेशींच्या पहाऱ्यात.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आणि चेतापेशींवर एफ्रिन-बी२ नावाचं प्रथिन असतं. निपाह त्याला चिकटून आत शिरतो. त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय मजकूर, मोकळा झाला की रिग-आय आणि एमडीए-५ हे पहारेकरी तो हेरतात आणि पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन सोडते. ही शेजारच्या पेशींसाठी दवंडी. तिथे स्टॅट-१ हे प्रथिन निरोप केंद्रकात पोचवतं आणि विषाणूला रोखणारी शेकडो जनुकं जागी होतात.

निपाह घाव घालतो तो या निरोप्यावर. त्याच्या 'पी' जनुकाची नक्कल उतरताना 'जी' हे अक्षर एकदा जादा पडलं तर 'व्ही' प्रथिन बनतं, दोनदा पडलं तर 'डब्ल्यू'. ही चूक नव्हे, विषाणूची ठरलेली रीत. 'व्ही' स्टॅट-१ला केंद्रकाबाहेर अडकवतं, शिवाय एमडीए-५लाही जखडतं. 'डब्ल्यू' उलट स्टॅट-१ला केंद्रकातच कोंडतं. बाहेर निरोप घ्यायला कुणी उरत नाही.

वटवाघळाचं गणित निराळं. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या फलाहारी वटवाघळाच्या पेशी लागण नसतानाही थोडं इंटरफेरॉन-अल्फा बनवत राहतात. मग दाह का भडकत नाही? कारण दाह पेटवणारं एनएलआरपी-३ हे प्रथिन वटवाघळांत मंद असतं, आणि धोक्याची घंटा वाजवणाऱ्या स्टिंग प्रथिनातला ३५८ क्रमांकाचा घटक, सेरीन हे अमिनो आम्ल, बदललेला असल्याने तेही मंद असतं. पहारा जागा, पण आरडाओरडा नाही.

माणसात पुढची फळी टी आणि बी पेशींची. केरळात २०१८च्या साथीतून वाचलेल्या दोघांच्या रक्तात मारक टी पेशी आणि बी पेशी चांगल्याच वाढलेल्या दिसल्या. माणसं दोनच, तेव्हा निष्कर्ष फार ताणू नये. पण या फळीला तयार व्हायला दिवस लागतात, आणि मेंदूला सूज आली की २४ ते ४८ तासांत रुग्ण कोमात जाऊ शकतो.

तपासणीचा क्रमही यावरूनच ठरतो. सुरुवातीला घशाचा स्वॅब, रक्त, लघवी किंवा पाठीतलं पाणी घेऊन आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा आरएनए थेट शोधणारी चाचणी. बी पेशींनी बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधणारी एलायझा चाचणी नंतर, कारण ती तयार व्हायला दिवस लागतात. पहिल्या दिवसांत नुसती एलायझा केली आणि ती निगेटिव्ह आली, तर निपाह नाही असं म्हणता येत नाही. वटवाघळांत मात्र प्रतिपिंडंच जुन्या लागणीची साक्ष देतात. मार्च २०२०मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला ती सापडली.