फुकटचं लिनक्स आणि आंब्याची पट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

देवगडला आमच्या हापूसच्या बागेचा हिशेब एका जुन्या लॅपटॉपवर असतो. पेट्या किती गेल्या, वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, कितीची आली, फवारणीला किती गेले, सगळं त्यात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला. विंडोज 11 घ्यावं तर त्याला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय या लॅपटॉपात नाही. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाका, फुकट आहे." फुकट म्हटलं की कोकणी माणसाला आधी संशय येतो.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. तसं ते परकं नाही. 1991 साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तेच आहे. परवान्याचे पैसे नाहीत आणि जुन्या मशीनवर ते हलकं चालतं, हे मी स्वतः पाहिलं.

पण माझी चूक अशी, की ते मी एप्रिलात टाकलं. अंगणात पेट्या भरणारे गडी, दारात टेम्पो, आणि प्रिंटर काही केल्या बोलेना! त्याहून मोठी अडचण मराठीची. आठ वर्षांच्या पट्ट्या मी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या. उघडल्या तर 'देवगड'च्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो फॉन्ट आणून बसवला तर वाचता आलं, पण टंकायचं सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच. आता एकेक फाइल युनिकोडमध्ये बदलायची, आणि बदलताना जोडाक्षरं बिघडतात ती डोळ्यांनी तपासायची. लिनक्सची खरी किंमत मी इथे मोजली. अर्थात हा दोष लिनक्सचा नाही. ती जुनी उधारी माझीच. एकदा फेडली की फाइल फोनवरही उघडेल.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आधी आपल्या हिशेबनीसाला विचारावं, कारण ते विंडोजसाठी बनलंय. केरळच्या शाळांत लिनक्स वर्षानुवर्षं नांदतंय, तिथं शिक्षकांना आधी शिकवलं. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं मात्र बराच काळ वापरून 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. पैशाइतकाच प्रश्न हाताशी कोण आहे याचा. आमच्याकडे भाचा आहे, तोही पुण्यात.

घाई नको. लिनक्स पेनड्राइव्हवरून, मशीनवर न टाकताच चालवून बघता येतं. वायफाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड तपासा. आणि दिवस बघा. 1 जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढतात, तेव्हाच इंजिन खोलतात. भर सीझनला कोण खोलतो?

सध्या माझ्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत. विंडोज इंटरनेटशिवाय, फक्त जुन्या पट्ट्यांसाठी. तीन वर्षांच्या बदलून झाल्या, पाच उरल्यात. मिरग लागला की त्या घेऊन बसेन.

नमस्कार.