मतपत्रिकेच्या तळाशी असलेली शाळा

नमस्कार श्रोतेहो. मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून बोलते आहे.

ऑक्टोबरात आपल्या घरी दोन पाकिटं साधारण एकाच सुमाराला येतात. एक काउंटीचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, आणि निवडणुकीचं वर्ष असलं की दुसरं मतपत्रिकेचं. आज मला या दोन पाकिटांबद्दल बोलायचंय, कारण दोन्हींमध्ये आपल्या मुलांची शाळा आहे.

मतपत्रिकेत आधी राष्ट्राध्यक्ष नाहीतर गव्हर्नर, मग काँग्रेस, न्यायाधीश, राज्याची प्रपोझिशन्स, म्हणजे राज्यभराच्या मताला टाकलेले प्रस्ताव, आणि पार शेवटी, बहुतेकदा मागच्या पानावर, एखादं इंग्रजी अक्षर लावलेलं 'मेझर', म्हणजे तसाच पण आपल्या भागापुरता प्रस्ताव. तिथपर्यंत पोचेतो माणूस दमतो. माझ्या ओळखीतले कितीतरी जण ती चौकट कोरी सोडतात. विचारलं तर म्हणतात, "अगं, नीट माहिती नाही, मग उगाच कशाला मत द्यायचं?" त्यांची भावना प्रामाणिक आहे. म्हणूनच आज जरा माहिती सांगते.

कॅलिफोर्नियात शाळेच्या इमारतीसाठी डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेला, मोठं कर्ज काढायचं असेल, तर ते तिच्या बोर्डाच्या ठरावाने निघत नाही. लोकांना विचारावं लागतं. डिस्ट्रिक्ट कर्जरोखे, म्हणजे बॉण्ड, विकतं आणि गुंतवणूकदारांकडून एकरकमी पैसा घेतं. तो पैसा वीस, पंचवीस, तीस वर्षं व्याजासकट फेडायचा असतो, आणि ती फेड त्या हद्दीतल्या घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून होते. आपल्या भाषेत सांगायचं तर ही गावाची वर्गणीच आहे, फक्त हप्त्यांनी भरायची, आणि गावाने कौल दिला की सगळ्यांवर बंधनकारक.

वर्गणीतून शाळा उभी राहणं आपल्याला काही नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, ती लोकांच्या मूठ-मूठ धान्यावर वाढली. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेली आहे. इथे कुणी आपल्याकडे दागिने मागत नाही. एका चौकटीत काळ्या शाईचा ठिपका मागतात, आणि वर्षाला काही डॉलर.

आता हे 'काही डॉलर' म्हणजे किती, ते नीट पाहू. 1978 च्या प्रपोझिशन 13 मुळे आपला मूळ टॅक्स असेस्ड व्हॅल्यूच्या, म्हणजे करासाठी कागदावर धरलेल्या घराच्या किमतीच्या, एक टक्क्यावर बांधलेला आहे, आणि ती व्हॅल्यू वर्षाला फार तर दोन टक्के वाढते. त्या एक टक्क्याच्या वर जे काही लागतं, त्यातला मोठा भाग मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जांचा. आलामेडा काउंटीचं बिल हातात घ्या. दरांच्या तक्त्यात आधी एक टक्क्याची ओळ दिसेल, आणि तिच्याखाली बारीक अक्षरात शाळा, कम्युनिटी कॉलेज, बार्ट रेल्वे, ईस्ट बेचे पार्क. यातली प्रत्येक ओळ कुठल्यातरी निवडणुकीत कुणीतरी भरलेल्या ठिपक्यांमुळे तिथे आलेली आहे.

मेझरच्या माहितीपत्रकात दर एक लाख डॉलरमागे किती, असा आकडा दिलेला असतो. युनिफाइड डिस्ट्रिक्टला, म्हणजे प्राथमिक ते बारावी सगळ्या शाळा एकत्र चालवणाऱ्याला, 55 टक्के मतांवर मंजुरी घ्यायची असेल तर एका मेझरला ही मर्यादा लाखामागे 60 डॉलर आहे. हा आकडा असेस्ड व्हॅल्यूवर लागतो. बाजारात तुमच्या घराची किंमत काय चाललीय, त्याचा इथे संबंध नाही. 1998 साली साडेतीन लाखांना घेतलेलं घर आज कागदावर सहा लाखांच्या आसपास असेल. म्हणजे अगदी 60 चा दर धरला तरी वर्षाला 360 डॉलर, महिन्याला तीस. शेजारच्याने नुकतंच अठरा लाखांना घर घेतलं असेल, तर तेवढ्याच शाळेसाठी त्याला 1080. हा फरक मला न्याय्य वाटत नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. नव्याने आलेल्या तरुण कुटुंबांवर जास्त भार पडतो, आणि बहुतेकदा पाळण्यातलं लेकरू त्यांच्याच घरात असतं. पण त्याचं मूळ प्रपोझिशन 13 मध्ये आहे. त्यावरचा राग शाळेच्या मेझरवर काढून वर्गाचं गळकं छप्पर काही दुरुस्त होत नाही.

आणि 55 टक्के का? पूर्वी दोन तृतीयांश मतं लागायची. शंभरातले पासष्ट जण 'हो' म्हणाले तरी मेझर पडायचं. नोव्हेंबर 2000 मध्ये प्रपोझिशन 39 ने तो उंबरठा 55 वर आणला आणि त्याबरोबर अटीही घातल्या. कामांची यादी आधी जाहीर करायची. दरवर्षी ऑडिट. नागरिकांची देखरेख समिती, किमान सात जणांची, तिच्यात पालक हवेत, ज्येष्ठांच्या संघटनेतलं कुणी हवं, करदात्यांच्या संघटनेतलंही हवं. यातला एकही पैसा शिक्षकांच्या किंवा अधिकाऱ्यांच्या पगारावर खर्च करायचा नाही. "पैसे देतो आणि ते पगारात जातात" असं आपल्या गप्पांमध्ये नेहमी ऐकू येतं. बॉण्डच्या पैशाचं तसं करता येत नाही, कायद्यातच तशी तरतूद आहे.

हे 55 टक्के त्या मेझरवर पडलेल्या मतांचे मोजतात. तुमची चौकट कोरी असेल तर ती 'नाही'तही नाही आणि 'हो'तही नाही. तुम्ही त्या मोजणीतच नाही.

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हा तिचा वर्ग पोर्टेबलमध्ये भरायचा. काही वर्षांपुरती म्हणून आणलेली ती लाकडी खोली, तिथेच मुक्काम करून राहिलेली. मी शुक्रवारी वाचनाच्या तासाला मदतीला जायचे. दाराशी पत्र्याचा उतार, एक मूल धावत आलं की सगळ्या वर्गाला धडधड ऐकू यायची. जमीन पोकळ, कुणी फळ्याकडे चालत गेलं की मागच्या बाकावरची पेन्सिल घरंगळायची. सप्टेंबरच्या उकाड्यात भिंतीतला एसी एवढा घरघरायचा की बाई वाचायला लागल्या की आधी तो बंद करायच्या. दहा मिनिटांत मुलांचे चेहरे लाल. मग एसी चालू, वाचन बंद. पुन्हा एसी बंद, वाचन चालू. बाईंचा आवाज शुक्रवारपर्यंत बसलेला असायचा. त्या वर्षी माझ्या लेकीला कसं शिकवलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. आणि त्या बाईंना असं शिकवायला लागलं, याची आजही लाज वाटते.

फ्रीमाँटमध्ये 2014 साली मेझर ई आलं, 65 कोटी डॉलरचं. ते मंजूर झालं. ज्युनियर हायच्या मिडल स्कूल करून सहावीची मुलं तिथे नेणं हाही त्याच योजनेचा भाग होता. तोवर माझी मुलगी त्या वयातून पुढे गेलेली होती. त्या मेझरला मी 'हो' म्हटलं, आणि त्यातली एकही वीट तिच्या वाट्याला आली नाही.

आपण राहतो ती जमीनही लक्षात घ्या. 10 मार्च 1933 ला लाँग बीचला भूकंप झाला, संध्याकाळी सहाला सहा मिनिटं कमी असताना. विटांच्या शाळाच्या शाळा कोसळल्या. मुलं घरी गेलेली होती म्हणून वाचली. बरोबर एक महिन्यात राज्याने फील्ड कायदा केला. तेव्हापासून सार्वजनिक शाळेचं बांधकाम राज्याच्या यंत्रणेकडून तपासून घ्यावं लागतं, साध्या घराच्या किंवा दुकानाच्या बांधकामापेक्षा कितीतरी कसून. शाळा बांधायला एवढा खर्च का येतो, याच्या उत्तराचा एक भाग हा आहे. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली भेग, आपल्या फ्रीमाँटच्या खालून जातो, आणि त्याचा शेवटचा मोठा धक्का 1868 सालचा. हा खर्च कमी करा असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

राज्याची मदत मिळते, पण गावाने पदरचे घातले तरच. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रपोझिशन 2 मंजूर झालं, 10 अब्ज डॉलरचं. त्यातले साडेआठ अब्ज बारावीपर्यंतच्या शाळांना. त्यातला वाटा मागताना डिस्ट्रिक्टला सहसा आपलाही हिस्सा दाखवावा लागतो, आणि तो हिस्सा स्थानिक बॉण्डमधूनच उभा राहतो. गावाने नाही म्हटलं की राज्याचा पैसा दुसऱ्या गावाला जातो.

म्हणून प्रत्येक मेझरला डोळे मिटून 'हो' म्हणा असं मी सांगत नाही. सॅन डिएगोजवळच्या पॉवे डिस्ट्रिक्टने 2011 साली साडेदहा कोटी डॉलर उचलले, ते अशा बोलीवर की पहिली वीस वर्षं काहीच फेडायचं नाही. व्याजावर व्याज चढत फेडीचा आकडा 98 कोटींवर गेला. आज शाळेत असलेली मुलं स्वतः घरमालक होतील तेव्हा ते कर्ज फेडत असतील. या प्रकारानंतर 2013 साली कायदा झाला आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीपुढे न्यायला मनाई झाली. तेव्हा माहितीपत्रकात 'टॅक्स रेट स्टेटमेंट' नावाचं पान असतं, ते वाचा. मुद्दल किती, व्याजासकट फेड किती, शेवटचं वर्ष कोणतं. दुप्पट दिसली तर घाबरू नका, घराच्या तीस वर्षांच्या कर्जाचंही तसंच होतं. त्याहून खूप जास्त दिसली तर बोर्डाच्या मीटिंगला जाऊन विचारा.

माझी एक जुनी मैत्रीण परवा म्हणाली, "आपली मुलं आता बाहेर पडली, आपण का भरायचे?" मी तिला विचारलं, आपण 98 साली दोन बॅगा घेऊन इथे आलो, तेव्हा आपल्या मुलांसाठी शाळा तयार होती ना? ती कुणी बांधली होती? 1956 साली पाच छोटी गावं मिळून हे फ्रीमाँट झालं. इथल्या त्या काळच्या लोकांनी आपलं नावही कधी ऐकलेलं नव्हतं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "पाठव मला ते पान, वाचते."

ज्यांचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्यांच्याशी बोलताना मला अवघडल्यासारखं होतं. टॅक्स तुम्ही भरता, तुमची मुलं त्या वर्गात बसतात, आणि या मेझरवर मत तुम्हाला देता येत नाही. पण बोर्डाच्या आणि देखरेख समितीच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. तिथे बोलायला नागरिकत्व विचारत नाहीत. तुमच्या मुलाच्या वर्गातला एसी कसा घरघरतो, हे तिथे तुमच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही.

आणि ज्यांच्याकडे ते पाकीट येणार आहे त्यांनी, या वेळी मागचं पान आधी भरा. पाकिटाला पोस्टाचं तिकीट लागत नाही. सही मात्र विसरू नका, आणि लायसन्सवर करता तशीच करा. निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का त्यावर हवा. शेवटच्या दिवसापर्यंत राहिलंच, तर पोस्टाच्या भरवशावर न राहता ड्रॉप बॉक्समध्ये स्वतः नेऊन टाका.

नमस्कार.