शांततेत पार पडलेलं मतदान

मतदान संपलं की संध्याकाळी ठरलेली बातमी येते: 'किरकोळ प्रकार वगळता मतदान शांततेत पार पडले.' हल्ली मी त्या 'शांततेत' शब्दापाशी अडखळतो. कारण धमकी नीट लागू पडली असेल, तर मतदानाच्या दिवशी काहीच घडत नाही. दगड पडत नाही, काच फुटत नाही. जे यायला नको होते ते आलेले नसतात, एवढंच.

भीती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते, जमाव येतो. पण मतदाराला धास्ती असते ती बहुतेक वेळा मतदानाच्या दिवसानंतरची. बंदोबस्त दोन दिवसांत उठतो. जमीनमालक, नोकरी देणारा, नाक्यावर उभी राहणारी पोरं मात्र तिथेच असतात. म्हणून घाबरलेला माणूस मनाशी एकच हिशेब करतो: मी काय केलं, हे त्यांना कळेल का? आज मला बोलायचंय ते या हिशेबाबद्दल.

ब्रिटनमध्ये 1872 पर्यंत मत उघडपणे द्यावं लागे, आणि कोणी कोणाला मत दिलं याच्या याद्या चक्क छापल्या जात. 1868 च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये मालकाच्या मर्जीविरुद्ध मत देणाऱ्या कुळांना जमिनीवरून हुसकून लावलं गेलं. 1872 च्या कायद्याने मत गुप्त झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॉन्टफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. तिथे मतपेटीच्या लाखेवर उठवलेला शिक्का ज्येष्ठमधाच्या गोळ्या करणाऱ्या कारखान्यातला होता. एवढी मोठी सुधारणा, आणि तिच्यावर मोहोर मिठाईवाल्याची!

पण गुप्त मतदानात झाकलं जातं ते मत. तुम्ही मत द्यायला गेलात का, हे झाकलं जात नाही. त्याच्या आधी नाव नोंदवायला गेलात का, हेही नाही.

अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य घ्या. 1960 च्या दशकात तिथे मतपत्रिका गुप्तच होती. कृष्णवर्णीयांना अडवलं जाई ते मतदारयादीच्या दारात. मुद्दाम अवघड केलेल्या परीक्षा होत्या, मारहाण होती, खून झाले. मला मात्र सगळ्यात जास्त हादरवते ती 1962 ची एक साळसूद तरतूद: नोंदणीचा अर्ज करणाऱ्याचं नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापायचं. दिसायला कारभार कसा उघड, स्वच्छ! पण ज्यांना सूड घ्यायचा होता, त्यांना घरबसल्या यादी मिळाली.

नाव छापून येईपर्यंतही थांबावं लागत नसे. फॅनी लू हेमर ही मिसिसिपीतली कृष्णवर्णीय शेतमजूर बाई. त्या 31 ऑगस्ट 1962 रोजी इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेल्या. ज्या मळ्यावर त्या 18 वर्षं राबत होत्या, त्याच्या मालकाच्या कानावर त्याच दिवशी ही गोष्ट गेली. अर्ज मागे घे, नाहीतर इथून चालती हो. हेमरबाईंनी मळा सोडला. काही दिवसांनी, ज्या घरात त्यांना आसरा मिळाला होता, त्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या ओळखीतल्या किती जणांनी हे पाहून कचेरीची पायरी चढायचा विचार सोडला असेल, याची नोंद कुठे असणार?

1965 च्या मतदान हक्क कायद्याआधी मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम 6.7 टक्के लोक यादीत होते. 1967 पर्यंत ते प्रमाण 59.8 टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत माणसं तीच होती. परीक्षा बंद झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी नोंदणीच्या टेबलापलीकडे स्थानिक अधिकाऱ्याऐवजी केंद्राचा माणूस बसला. 'या लोकांना मतदानात रसच नाही' असं ठासून सांगणारे कितीतरी विद्वान तोवर होते.

बोटावरची शाई हीसुद्धा अशीच गंमत आहे, आणि ती गंमत फार कडू आहे. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून ती लावतात. 2014 मध्ये अफगाणिस्तानात अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीनंतर हेरात प्रांतात तालिबानने 11 मतदारांची शाई लागलेली बोटं छाटली. जी खूण मतदान चोख व्हावं म्हणून होती, तिच्यावरूनच माणसं हेरली गेली.

भारतात प्रश्न एकट्या मतदाराच्या पुढे जातो, वस्तीपर्यंत. मतपत्रिकांच्या काळात, दहशतीची शंका असेल तर मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळायची सोय 1961 च्या निवडणूक नियमांमध्ये करून ठेवलेली होती. यंत्रं आली आणि प्रत्येक यंत्राची मोजणी वेगळी झाली. एका केंद्राचा निकाल म्हणजे जवळजवळ एका वस्तीचा निकाल. कोणी काय केलं ते कळत नाही, पण वस्तीने काय केलं ते कळतं, आणि डूख धरायला तेवढं पुरतं. बऱ्याच यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या 'टोटलायझर'चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये मांडला, विधी आयोगाने 2015 मध्ये तो उचलून धरला. पुढे गाडी हललेली नाही. बूथनिहाय आकड्यांची गोडी कोणत्याच पक्षाला सुटत नाही, असा माझा कयास आहे.

टक्केवारीबद्दल थोडं. श्रीलंकेत 2005 च्या अध्यक्षीय निवडणुकीत जाफना जिल्ह्यात 1.2 टक्के मतदान झालं. एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने बहिष्कार पुकारला होता. मतदार सात लाखांच्या घरात, आणि देशभरात हार-जीत ठरली ती सुमारे 1 लाख 80 हजार मतांनी. पंजाबात 1992 च्या विधानसभा निवडणुकीत सुमारे 24 टक्के लोक आले. तिथेही अकाली गटांचा बहिष्कार होता आणि दहशतवाद्यांची धमकीही. यातले निषेधाने घरी बसलेले किती आणि भीतीने किती, हे नंतर विचारून कळत नाही. 'मी मुद्दामच गेलो नाही' म्हणणं हे 'मी घाबरलो' म्हणण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: मतदान सक्तीचं केलं तर? मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये 28 मार्च 1982 ला ते सक्तीचंच होतं. बंडखोरांचा मतदानाला विरोध होता. दुसरीकडे, मत दिलं की ओळखपत्रावर शिक्का बसे, आणि यादवीच्या त्या दिवसांत शिक्का नसलेलं ओळखपत्र सैनिकाच्या हाती पडलं तर आपल्याला बंडखोरांचा माणूस समजतील, अशी धास्ती होती. त्या दिवशी केंद्रांसमोर लांबच लांब रांगा लागल्या. परदेशी पाहुण्यांनी त्या रांगांचं फार कौतुक केलं.